यंदाची सुट्टी जरा कंटाळवाणीच असू द्या

न्यू जर्सीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. सगळं छापत नाही, मुद्द्याचं तेवढं सांगते. त्यांना मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची, दोघंही तिकडेच जन्मलेली. सोलापूर जिल्ह्यातल्या एका बालसंस्थेतली ४ वर्षांची मुलगी त्यांनी दत्तक घेतली आहे. घरात आधीच दोन मुलं असल्यामुळे त्यांना विशेष गरजा असलेल्या किंवा सहसा घर न मिळणाऱ्या मुलांचाच विचार करता येत होता. या छोटीचे ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले, दोन्ही ऑपरेशनं झालेली. जिल्हाधिकाऱ्यांची ऑर्डर झाली, पासपोर्ट येतोय, आणि शाळांना सुट्टी लागली की जूनच्या अखेरीस चौघं भारतात येणार आहेत.

‘तीन वर्षांनी जातोय, मुलांनाही काही बघायला मिळू दे,’ असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून सोलापूरहून पुणे, मग चार दिवस गोवा, मग जयपूर, आग्रा आणि शेवटी व्हिसासाठी दिल्ली. सासूबाईंनी पुण्यात साठ माणसांचा हॉल बघून ठेवलाय. सात वर्षांच्या धाकटीने स्वतःला आणि नव्या बहिणीला एकसारखे फ्रॉक घेतलेत, पहिल्या रात्री ती तिलाच कुशीत घेऊन झोपणार आहे. आणि मोठा म्हणतो, ‘तुम्ही जाऊन घेऊन या, मी मित्राकडे राहतो. माझा सॉकर कॅम्प आहे.’ बाई विचारतात: त्याला न्यायचं की ठेवायचं? हा सगळा कार्यक्रम जमेल का? आणि ‘दीड वर्षापूर्वी याच मुलाने हौसेने संमतीच्या कागदावर सही केली होती, मग आता काय झालं?’

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तरं देते, कारणं मागून सांगते. दोन्ही मुलांना आणा. गोवा, जयपूर, आग्रा तिन्ही कापा. हॉल रद्द करा. (गोवा तर तसाही कापलाच असता. जुलैत तिथे समुद्रावर लाल झेंडे लागलेले असतात, पोरं हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसतील.)

आता माझं सांगते. आमच्या लेकीला आम्ही दत्तक आणलं त्याला वीसेक वर्षं झाली. माझा मुलगा तेव्हा ८ वर्षांचा होता. दारात रांगोळी, तोरण, इमारतीतल्या सगळ्या बायका, आणि माझ्या आत्यांनी औक्षणाचं तबक तिच्या चेहऱ्यासमोर धरलेलं. तीन वर्षांची पोर, नाकासमोर ज्योत हलतेय, मागे वीस अनोळखी चेहरे. ती रडली नाही. या कडेवरून त्या कडेवर गेली, जो देईल तो पेढा खाल्ला, आणि सगळे म्हणाले, ‘किती शहाणी आहे हो! लगेच रुळली.’ मीही म्हणाले. रात्री पांघरूण सारखं करायला गेले तर उशीखाली अर्धी पोळी, आणि झोपेतही मूठ तिच्याभोवती घट्ट आवळलेली. मुलाने त्याची सगळ्यात लाडकी लाल गाडी तिला दिली होती, ती तिने भिरकावली होती. तो म्हणाला, ‘परत देऊन येऊ हिला.’ मी त्याच्यावर ओरडले. अजून सलतं ते. त्या दिवशी घरात खरं बोललेला तो एकटाच होता.

गप्प राहणारं मूल रुळलेलं असतंच असं नाही. पुष्कळदा ते फक्त काय होतंय याचा अंदाज घेत असतं. तुमच्या छोटीचं आत्तापर्यंतचं जग म्हणजे एक इमारत, रांगेने घातलेल्या गाद्या, ठरल्या वेळची घंटा, मऊ भात-वरण आणि सांभाळणाऱ्या पाच-सहा मावश्या. तिला तुम्ही पहिल्या पंधरवड्यात विमानतळ, समुद्र आणि हवामहल दाखवलात तर तिला काय कळणार? एवढंच, की या माणसांबरोबर रोज सकाळी जागा बदलते. तिला लागणार आहे एक खोली, एक अंथरूण, एक ताट आणि तीच चार तोंडं. रोज. तुमच्या मोठ्या दोघांना हे कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या. त्यांना आधीच सांगून ठेवा की यंदाची सुट्टी बोअर आहे आणि ती मुद्दाम तशी आखली आहे. फिरायला पुढच्या खेपेला पाच तिकिटं काढून येऊ.

मोठ्याबद्दल. त्याच्या सहीचा दाखला त्याला देऊ नका. पाच वर्षांवरच्या मुलांची संमती कागदोपत्री घेतात हे चांगलंच आहे, पण साडेनऊ वर्षांच्या पोराने केलेली सही म्हणजे पुढे कधी कुरकूर करणार नाही असा करार नाही. तेव्हा बहीण ही एक कल्पना होती, आता तिचा पासपोर्ट निघालाय. शिवाय तुमच्या पत्रात त्याचा कॅम्प एका ओळीत आलाय आणि छोटीचे रिपोर्ट पाऊण पानात. मला वाटतं त्याने हे मोजलंय. त्याच्या कॅम्पची तारीख बघा. पहिला आठवडा करून तो वडिलांबरोबर मागून येऊ शकत असेल आणि सोलापूरच्या कागदांना पहिल्या दिवशी दोघांच्या सह्या लागत नसतील, तर तसं करा. संस्थेतल्या सोशल वर्कर ताईंना फोन करून विचारा. ते जमत नसेल तर त्याला सरळ सांगा, ‘तुझा कॅम्प बुडतोय, हे वाईट आहे आणि ते आमच्यामुळे आहे.’ त्यावर ‘पण बघ, तुला बहीण मिळतेय’ असं लगेच जोडू नका.

तरीही त्याला आणाच म्हणते, त्याचं कारण वेगळं आहे. छोटी तेरा-चौदा वर्षांची झाली की विचारायला लागेल. माझी लेक विचारायची: माझ्या खोलीला खिडकी होती का? कुत्रा होता का तिथे? मला घेऊन निघालात तेव्हा कोण रडलं? आई-बापांची उत्तरं मुलांना गोड केलेली वाटतात. भावाने ‘हो, एक तपकिरी कुत्रा होता, मला चावायला आला होता’ म्हटलं की ते खरं असतं. तुमच्या मुलाला एक वही द्या आणि हे काम सांगा: तिथलं झाड, दार, भिंतीचा रंग, मावश्यांची नावं, जेवायला काय होतं, सगळं लिहून ठेव. फोटो काढायचे ते संस्थेला विचारून, आणि इतर मुलांचे अजिबात नाहीत. तिचेही फोटो व्हॉट्सॲपच्या नातेवाईक-ग्रुपवर आणि इन्स्टावर टाकू नयेत. संस्थेतल्या मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिचा कापलेला ओठ ही साठ जणांच्या मोबाइलमध्ये फिरायची गोष्ट नाही.

मात्र पहिल्या दिवशी संस्थेत तुम्ही दोघंच जा. मुलांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी न्या. जाण्याआधी धाकटीला एक गोष्ट सांगून ठेवा: तिथली बाकीची मुलं तिच्या हाताला लोंबकळतील, आणि एखादं विचारेल, ‘माझी आई कधी येणार?’ किंवा तुमच्याकडे बघून ‘मला पण ने’ म्हणेल. सात वर्षांच्या मुलीला हे झेपायला जड जातं. ती रात्री म्हणेल, ‘आपण सगळ्यांना का नाही नेत?’ याला चांगलं उत्तर नाही. माझ्या मुलाला मी तेव्हा काहीतरी गुळगुळीत सांगितलं, आज विचारलं असतं तर म्हटलं असतं, ‘मलाही तेच वाटतं रे.’

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. संस्थेत सगळा कारभार बायकांचा. पुरुष म्हणजे क्वचित येणारा डॉक्टर, तोही सुई घेऊन. त्यामुळे ती तुमच्या नवऱ्याला, त्याला मिशी असेल तर जास्तच, आणि उंच झालेल्या मोठ्या मुलाला घाबरण्याचा संभव आहे. पहिले काही दिवस ती फक्त तुम्हाला चिकटेल किंवा तुम्हाला सोडून धाकटीला. जो बिचारा कॅम्प सोडून आलाय त्यालाच बघून ती किंचाळेल. हे त्याला आधी ठाऊक असू द्या. जमिनीवर बसायचं, तिच्याकडे थेट बघायचं नाही, स्वतःचं काहीतरी करत राहायचं, चित्र काढायचं, चेंडू भिंतीवर टाकायचा. ती येते. वेळ लागतो, पण येते.

धाकटीचे फ्रॉक बॅगेत राहू द्या. संस्थेतून ती ज्या कपड्यांत निघेल ते धुऊ नका, त्यांना तिथला वास असतो. तिची चादर किंवा दुपटं मिळालं तर मागून घ्या, बदल्यात नवीन देऊन. पहिल्या रात्री कुशीत झोपण्याचा बेत तुम्हाला मोडावा लागेल. ‘ती बाहुली नाही’ असं मुलीला ऐकवू नका, तिला एवढंच सांगा की आधी कुणाजवळ झोपायचं ते ती ठरवणार. ती रांगेत झोपणारी मुलगी आहे, वेगळ्या खोलीत गादी घातलीत तर घाबरेल. पाचही जणांच्या गाद्या जमिनीवर एका ओळीत घाला आणि दिवा चालू ठेवा. धाकटीला हे फ्रॉकपेक्षा जास्त आवडेल, पैजेवर सांगते.

आता भाषा. तुमची मुलं मराठी समजतात पण उत्तर इंग्रजीत देतात, असं लिहिलंय. छोटी सोलापूरकडचं बोलणार, ‘काय करायलीस?’ म्हणणार, त्यातून टाळूच्या ऑपरेशननंतर उच्चार थोडे नाकातून येतात, त्यामुळे सुरुवातीला तुम्हालाही पटकन कळणार नाही. मुलांना व्याकरण नको, दहा-पंधरा शब्द पक्के करून द्या: शू, भूक, पाणी, दुखतंय, पुरे, नको, घे, इथेच आहे. ‘इथेच आहे’ सगळ्यात महत्त्वाचा. तिचं बोलणं दोघांनी नक्कल करून हसण्यावारी नेलं तर तिथेच थांबवा, याबाबतीत मी कडक आहे.

आणि ‘मावशी’ या शब्दाची गंमत. तुमची सख्खी बहीण पुण्याहून सोलापूरला भेटायला येणार आहे ना? छोटीच्या कोशात मावशी म्हणजे अंघोळ घालणारी, पाळीप्रमाणे बदलणारी बाई. घरातली पहिली स्त्री ‘मी तुझी मावशी’ म्हणाली, तर तिला वाटेल ही दुसरी संस्था आहे आणि तुमचीही ड्यूटी संपली की तुम्ही जाल. आमच्याकडे माझ्या बहिणीला वर्षभर नावाने हाक मारायला लावली होती. ती रुसली होती. मग रुसवा गेला.

सोलापुरात निदान चार-पाच दिवस काढा, रोज संस्थेत जा, मावश्यांसमोर तिला भरवा, मग निघा. ऑर्डर हातात असली तरी घाई नको. पुण्याला येताना गाडीचा मोह टाळा. अडीचशे किलोमीटर आहे, आणि जी मुलं कधी गाडीत बसलेली नाहीत ती पहिल्या तासाभरात ओकतात. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी निघते आणि चारेक तासांत पुण्यात येते. डब्यात उठता-बसता येतं, खिडकी असते, मोठ्या दोघांनाही मजा. दिवस मात्र बघून घ्या. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा शहरात स्टेशनपासून घरापर्यंत पोचायलाच तितका वेळ लागतो.

पुण्यात सासूबाईंचं मन मोडायचं नाही, हे तुमच्या अक्षरातून दिसतंय. त्यांना हॉलऐवजी दुसरं काम द्या, खरं काम: मोठी दोन नातवंडं. दुपारभर ती आजी-आजोबांची. पेशवे पार्कात फुलराणी ही छोटी आगगाडी आहे, १९५६पासूनची, आजोबांनीच लहानपणी त्यात बसल्याच्या गोष्टी सांगितल्या असतील; चालू आहे का ते आधी विचारून जा. मोठ्याला गंज पेठेतल्या फुले वाड्यात न्यायला सांगा. ‘कोणी आपलं मूल सोडून का देतं?’ हा प्रश्न तो आज ना उद्या विचारणार आणि त्याला आपल्या मातीतलं उत्तर आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांनी जीव देऊ नये किंवा घेऊ नये म्हणून, आणि तिथेच आलेल्या काशीबाईंच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला. प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने पंढरपुरातही १८७५मध्ये तसंच गृह निघालं, म्हणजे तुमच्या लेकीच्याच जिल्ह्यात. फक्त हे सांगताना ‘तिच्याही आईचं असंच झालं असेल’ असं जोडू नका. तिच्या आईचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, आणि जे थोडं कागदांत आहे ते आधी छोटीच्या कानावर पडायला हवं, भावाच्या नाही.

घरी नातेवाईक येतील तर दोघे-दोघे, तासभर, आणि कुणी तिला भरवायचं नाही, उचलायचं नाही. खाणं आणि कडेवर घेणं पहिले काही महिने फक्त तुम्हा दोघांकडे. आत्या-काकूंना हे लागतं, तरी सांगा. औक्षण करायचंच असेल तर तिन्ही मुलांना एका पाटावर बसवून, मोठ्यापासून सुरुवात करून करा, म्हणजे तबक तिच्यापाशी येईपर्यंत तिने दोनदा बघितलेलं असेल की यात काही भाजत नाही. चुलत भावंडं तुमच्या धाकटीला विचारतील, ‘किती पैसे दिले?’ मुलांच्या कानावर दत्तकाच्या फीचे आकडे पडलेले असतात. तिला एक वाक्य देऊन ठेवा: पैसे कागदांचे आणि सांभाळण्याचे लागतात, माणसाचे नाही. आणि ओठाबद्दल कुणी विचारलं तर, ‘तिथे ऑपरेशन झालंय,’ बास.

दिल्ली टाळता येत नाही. ‘कारा’चं (केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचं) प्रमाणपत्र, दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी, मग व्हिसा, आणि यात एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर तुमच्या हातात काही नसतं, म्हणून परतीची तिकिटं बदलता येतील अशीच काढा. मोठ्या दोघांची ओसीआय कार्डंही (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतात ती) आत्ताच कपाटातून काढून बघा. सोळाखालच्या मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तुम्ही तीन वर्षांनी येताय. मधे नवा निघाला असेल तर तो आणि नवा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवलाय ना? तुम्ही दत्तकाच्या कागदांत इतक्या बुडाला आहात की घरच्या दोघांचे राहून जायचे.

विमानात बसण्याआधी छोटीला कानाच्या डॉक्टरकडे दाखवा. टाळूचा त्रास असलेल्या मुलांच्या कानात पाणी साचण्याचं प्रमाण बरंच असतं, पंधरा तासांच्या उड्डाणात उतरताना फार दुखतं. न्यूअर्कच्या विमानतळावर तिचे कागद वेगळे तपासतील, बाजूला बसावं लागेल, मोठी दोघं तोवर पेंगुळलेली असतील, त्यांच्यासाठी खायला हाताशी ठेवा. पूर्ण झालेल्या दत्तकाचा आयएच-३ व्हिसा असेल आणि तुमच्यापैकी एक जण अमेरिकन नागरिक असेल, तर अमेरिकेच्या २०००च्या बाल-नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्या दाराबाहेर पडताना ती अमेरिकन नागरिक असते. तुमच्या मुलाला हे सांगा, त्याला असलं आवडेल: बसल्या जागी, त्याच्या शेजारी, चिप्स खाता खाता एकीचा देश बदलला.

घरी गेल्यावर दोन वर्षं फॉलो-अप असतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी. सोशल वर्कर मोठ्या मुलांशीही बोलते. त्यांना पढवू नका. मोठा म्हणाला ‘मला अजून ती आवडत नाही,’ तर म्हणू दे. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त त्याच्याबरोबर, सॉकरच्या मैदानावर, फोन पर्समध्ये.

राहता राहिला नवऱ्याचा हट्ट, की दिल्लीपर्यंत जाऊन मुलांना काहीच दाखवायचं नाही का. दाखवा की. चाणक्यपुरीत शांतिपथावर अमेरिकन दूतावास आहे, आणि त्याच भागात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. जुनी इंजिनं, उघड्यावरचे डबे आणि मुलांना फिरवणारी छोटी गाडी. तुम्ही छोटीला घेऊन खोलीवर झोपवा, बाबांनी दोघांना तिकडे न्यावं. अर्ध्या दिवसात होतं. फक्त सोमवारी ते बंद असतं.